सेंद्रिय उत्पादनांचे दालन : एकदा घडवावे, अनेकदा उभारावे

लहान उद्योगाला मोठ्या खरेदीदारापर्यंत नेणारी जी मोजकी साधने आहेत, त्यांत व्यापारी प्रदर्शनाचे स्थान वरचे आहे. वर्षभर पत्रव्यवहार करूनही जो खरेदीदार भेटीची वेळ देत नाही, तो प्रदर्शनाच्या तीन-चार दिवसांत नऊ चौरस मीटरच्या दालनासमोर स्वतःहून येऊन उभा राहतो. सेंद्रिय अन्नपदार्थांच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे, कारण हा माल केवळ दरपत्रक पाहून घेतला जात नाही. तो हातात घेऊन, हुंगून, चाखून आणि मुख्य म्हणजे प्रमाणपत्र तपासून घेतला जातो.

याच प्रदर्शनाची दुसरी बाजू शेवटच्या दिवशी सायंकाळी दिसते. सभागृह त्याच रात्री किंवा फार तर दुसऱ्या दिवशी रिकामे करून द्यायचे असते. खिळ्यांनी जोडलेल्या प्लायवूडच्या भिंती पहारीने उचकटल्या जातात, फ्लेक्सचे फलक फाडून काढले जातात, थोडीशीच मळलेली कारपेट गुंडाळून कचऱ्याच्या वाहनात टाकली जाते. चार दिवस ज्या दालनाने मातीचे आरोग्य, रसायनमुक्त शेती आणि निसर्गाशी सुसंवाद यांचा पुरस्कार केला, त्याचाच हा ढीग असतो. ही विसंगती चाणाक्ष खरेदीदाराच्या लक्षात येतेच. पण तिच्याइतकीच गंभीर गोष्ट म्हणजे त्या ढिगाखाली शेतकऱ्यांच्या एखाद्या उत्पादक कंपनीची वर्षाची मोठी शिल्लकही गाडली गेलेली असते. पुढील वर्षी तोच खर्च पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

ज्या दालनाची मोडणी आधी आणि मांडणी नंतर ठरवली गेली आहे, तेच खऱ्या अर्थाने पुनर्वापरयोग्य ठरते. दालनाचा आराखडा सभागृहाच्या नकाशावर नव्हे, तर परतीच्या पेटीत सुरू व्हावा लागतो.

वाढते क्षेत्र, वाढती प्रदर्शने

भारतात २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम राबवला जात असून निर्यातीसाठी लागणाऱ्या प्रमाणीकरणाची व्यवस्था त्याअंतर्गत 'अपेडा' या संस्थेकडे आहे. जानेवारी २०१६ मध्ये सिक्कीम हे संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषित झाले. देशांतर्गत बाजारासाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सेंद्रिय अन्नाविषयीचे विनियम २०१७ साली केले आणि ते १ जुलै २०१८ पासून लागू झाले. पाकिटावरील 'जैविक भारत' हे चिन्ह त्याच व्यवस्थेतून आले. जर्मनीतील 'बायोफाख' हे या क्षेत्रातील जगातील अग्रगण्य प्रदर्शन. १९९० साली लुडविग्सहाफेन येथे त्याचा आरंभ झाला आणि १९९९ पासून ते न्युर्नबर्ग येथे भरते. २०१२ साली भारत त्याचा सन्मान्य देश होता. आज दिल्ली, ग्रेटर नोएडा, बंगळूर, मुंबई अशा ठिकाणी अन्नपदार्थांची प्रदर्शने नियमाने भरतात आणि त्यांत सेंद्रिय उत्पादकांची संख्या लक्षणीय असते. त्यामुळे दालनाचा खर्च हा आता अपवादात्मक खर्च राहिलेला नाही. तो वर्षातून एकदा-दोनदा येणारा नित्याचा खर्च झाला आहे आणि म्हणूनच त्याचा विचार यंत्रसामग्रीच्या खर्चाप्रमाणे करणे युक्त ठरते.

मंडपवाल्याचा धडा

उभारून सोडवता येणारी रचना आपल्याकडे नवी नाही. गावोगावचा मंडपवाला हेच तंत्र पिढ्यान्‌पिढ्या वापरत आला आहे. बांबू, वासे, सुतळी, कनाती आणि छताचे कापड एवढ्यावर तो लग्नाचा मांडव उभा करतो, सोडवतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी नेतो. त्याच्या कामात खिळा नसतो, गाठ असते; कारण गाठ सुटते, खिळा उपटावा लागतो. आधुनिक दालनरचनेचे बहुतेक शास्त्र या एका भेदात सामावले आहे.

पाश्चात्त्य जगातील पहिले महाप्रदर्शनही याला अपवाद नव्हते. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी लोखंड आणि काच यांचा 'क्रिस्टल पॅलेस' उभारला. त्याचे सुटे भाग कारखान्यांत ठरावीक मापांत घडवून जागेवर जोडण्यात आले होते. प्रदर्शन संपल्यावर ही वास्तू उकलून सिडनहॅम येथे नेण्यात आली आणि फेरबदल करून १८५४ मध्ये पुन्हा खुली झाली. पुढे १९३६ च्या आगीत ती नष्ट होईपर्यंत उभी होती. प्रदर्शनवास्तूंच्या इतिहासाचा आरंभच पुनर्वापराने झाला; फेकून देण्याची रीत नंतरची आहे.

माप आणि पेटी

भारतीय प्रदर्शनांत लहान उद्योगाला बहुधा तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद असा तयार गाळा मिळतो. ॲल्युमिनियमच्या खांबांमध्ये बसवलेल्या पांढऱ्या भिंती, सुमारे अडीच मीटर उंची, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, काही दिवे आणि विजेचा एक जोड, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. या भिंतींना खिळा मारण्यास वा रंग लावण्यास मनाई असते. हा गाळा स्वतःच पुनर्वापराचा असतो, हे अनेकदा ध्यानात घेतले जात नाही. सजावटकार त्याच्या आत प्लायवूडचे दुसरे घर उभे करतो आणि कचरा होतो तो या दुसऱ्या घराचा. यास्तव पहिला विचार असा की, भिंतींची पुनरुक्ती टाळावी आणि गाळ्याच्या आत स्वतःच्या पायावर उभे राहणारे फर्निचर तेवढे आणावे.

उदाहरणादाखल सिक्कीममधील एका कल्पित उत्पादक कंपनीचा विचार करता येईल. मोठी वेलची, सुंठ, हळद, कुट्टूचे पीठ आणि चहा हा तिचा माल. दिल्लीच्या प्रदर्शनाला जाण्यासाठी सामान डोंगररस्त्याने जीपमधून न्यू जलपायगुडीला उतरवायचे आणि तेथून रेल्वेने पार्सल म्हणून पाठवायचे आहे. आता दालनाचे माप कोण ठरवणार? दिल्लीचे सभागृह नव्हे, ती जीप ठरवणार. जीपमध्ये अडीच मीटरचा खांब सुखरूप बसत नाही. म्हणून खांब १.२ मीटरच्या दोन तुकड्यांत करून मध्ये नळीचा सांधा द्यावा. दोन्ही मिळून उंची २.४ मीटर होते आणि ती गाळ्याच्या मर्यादेत राहते. प्लायवूडचा बाजारात मिळणारा तक्ता ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर असतो. फळ्यांची रुंदी ६०० मिलिमीटर धरली, तर करवतीची झीज वजा जाऊन तक्त्याच्या रुंदीत बरोबर दोन फळ्या निघतात आणि वाया जाणारी पट्टी अगदी थोडी राहते.

मागील भिंतीशी ६०० मिलिमीटरची पाच कपाटे मांडली तर बरोबर तीन मीटर होतात, असा हिशेब कागदावर सुरेख दिसतो. प्रत्यक्षात गाळ्याच्या खांबांची जाडी वजा केल्यावर आतील मोकळी जागा तीन मीटरपेक्षा काही सेंटिमीटरने कमी भरते आणि पाचवे कपाट बसत नाही. जागेवर करवत मागवण्याची पाळी येते ती येथेच. म्हणून चारच कपाटे करावीत आणि उरलेल्या सुमारे अर्ध्या मीटरला पडदा लावून त्यामागे मालाचा साठा, पाण्याची बाटली, कार्यकर्त्यांच्या पिशव्या ठेवाव्यात. प्रत्येक दालनाला अशा अडगळीच्या कोपऱ्याची गरज असते. आराखड्यात तो दाखवला नाही तर टेबलाखाली तो आपोआप तयार होतो आणि खरेदीदाराला दिसतो.

पेट्यांचे माप ६०० बाय ४०० मिलिमीटर आणि उंची ४०० ठेवणे सोयीचे. मालवाहतुकीत वापरल्या जाणाऱ्या १२०० बाय ८०० च्या पॅलेटवर अशा चार पेट्या आणि १२०० बाय १००० च्या पॅलेटवर पाच पेट्या एका थरात नेमक्या बसतात. भरलेल्या पेटीचे वजन वीस किलोच्या आत ठेवले, तर हमालाविना दोन माणसे ती सहज हलवतात. प्रदर्शन चालू असताना रिकाम्या पेट्या ठेवायला सभागृहात जागा नसते, ही आणखी एक नेहमीची अडचण. तिच्यावरील उपाय म्हणजे पेट्यांनाच काम द्यावे. दोन पेट्या शेजारी, त्यांवर दोन पेट्या, खाली दहा सेंटिमीटरचे लाकडी पाय आणि वर एक फळी ठेवली की सुमारे नव्वद सेंटिमीटर उंचीचा, उभ्याने बोलण्याजोगा काउंटर तयार होतो. आतल्या पोकळीत नमुन्यांची पाकिटे राहतात.

जोडणीबाबत एक बारकावा महत्त्वाचा आहे. लाकडी स्क्रू प्लायवूडमध्ये, विशेषतः त्याच्या कडेत, दोन-चार वेळा काढला-घातला की भोक सैल होते आणि पकड जाते. पुनर्वापराच्या दालनात म्हणून लाकडात धातूची आटे असलेली पुंगळी कायमची बसवावी आणि तीत बोल्ट फिरवावा. सर्व बोल्ट एकाच मापाचे असावेत, म्हणजे एकच किल्ली पुरते. प्रत्येक भागावर क्रमांक, जोडल्या जाणाऱ्या दोन कडांवर एकाच रंगाचा ठिपका आणि पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस जोडणीची छायाचित्रे व सामानाची यादी चिकटवलेली असावी. शेवटच्या दिवशी दालन सोडवणारी माणसे थकलेली असतात, परतीची गाडी पकडायची असते आणि ज्याने दालन उभारले तो सुतार तेथे नसतो. आराखड्याची परीक्षा खरोखर त्या दोन तासांत होते. प्रत्यक्ष जाण्यापूर्वी गोदामात, दालन कधी न पाहिलेल्या दोन कर्मचाऱ्यांकडून ते एकदा उभे करवून सोडवून घ्यावे. जेथे ते अडतील, तेथे आराखडा दुरुस्त करावा.

कापड, बांबू आणि आग

सेंद्रिय म्हटले की तागाची पोती, वाळके गवत, मातीची मडकी आणि बांबूचे तट्टे अशी सजावट करण्याचा मोह होतो. मोह स्वाभाविक आहे, परंतु सभागृहाच्या अग्निसुरक्षा नियमांपुढे तो टिकत नाही. गरम दिव्याखाली ठेवलेली गवताची पेंढी हा उघड धोका होय. कापड व ताग वापरायचे असल्यास त्यांवर अग्निरोधक प्रक्रिया करून घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. क्षारांच्या द्रावणाने केलेली साधी प्रक्रिया धुण्याबरोबर निघून जाते, म्हणून कापड धुतले की ती पुन्हा करावी लागते. ही नोंद झाकणावरील यादीतच असलेली बरी.

बांबू हे हलके, मजबूत आणि लवकर वाढणारे साहित्य आहे. ईशान्य भारतात आणि कोकणात त्यात कुशल असलेले कारागीरही आहेत. मात्र कच्चा बांबू पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला फार प्रिय असतो आणि धान्याच्या पाकिटांशेजारी बांबूचा भुगा सांडू लागला, तर दालनाची प्रतिष्ठा उरत नाही. बोरॅक्स व बोरिक ॲसिड यांच्या द्रावणात मुरवलेला, नीट वाळवलेला बांबूच घ्यावा. असा प्रक्रिया केलेला बांबू सुट्या अन्नपदार्थाला लागता कामा नये, हेही तितकेच महत्त्वाचे. सुटे धान्य, डाळ, मसाले हे स्टीलच्या वा काचेच्या भांड्यातच असावेत. प्रमाणित सेंद्रिय माल निषिद्ध द्रव्यांच्या संपर्कात येऊ न देण्याची जबाबदारी शेतापुरती वा गोदामापुरती नसते, ती प्रदर्शनातील फळीपर्यंत येते.

फलकांसाठी फ्लेक्सऐवजी छापील कापड वापरावे. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकल वापर प्लास्टिकवरील बंदीत सजावटीचे थर्मोकोल आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक समाविष्ट आहेत. नेहमीचा फ्लेक्स बहुधा याहून जाड असल्यामुळे या बंदीत येत नाही. तरी तो घडी घातली की भेगाळतो आणि दुसऱ्यांदा क्वचितच वापरला जातो. कापडी फलक घडी करून पेटीत मावतो, वाफेच्या इस्त्रीने सरळ होतो. येथे एक प्रामाणिक तडजोड स्वीकारावी लागते. टिकाऊ छपाईचे असे कापड बहुधा पॉलिएस्टरचे असते, सुती नव्हे. सुती फलक अधिक 'सेंद्रिय' दिसतो, परंतु तो आक्रसतो, डाग धरतो आणि लवकर बाद होतो. दहा प्रदर्शने चालणारा पॉलिएस्टरचा फलक हा एका प्रदर्शनात संपणाऱ्या सुती फलकापेक्षा निश्चितच श्रेयस्कर आहे.

वास आणि प्रकाश

अन्नपदार्थांचे दालन हे इतर दालनांहून वेगळे असते ते मुख्यतः या दोन गोष्टींमुळे, आणि नेमके त्यांच्याकडेच सजावटकाराचे दुर्लक्ष होते. आदल्या रात्री लावलेल्या तैलरंगाचा, पॉलिशचा किंवा चिकटवण्याच्या द्रव्याचा वास बंद सभागृहात दिवसेंदिवस रेंगाळतो. चहा हा पदार्थ भोवतालचा वास अत्यंत सहजपणे शोषतो. तांदूळ आणि पीठही त्याला अपवाद नाहीत. दालनात रंगाचा वास असेल, तर चाखण्यासाठी उकळलेल्या चहाची लज्जत कितीही उत्तम असली तरी ती खरेदीदारापर्यंत पोहोचत नाही. पुनर्वापराच्या दालनाचा हा न सांगितला जाणारा लाभ आहे: दुसऱ्या प्रदर्शनापासून त्याला नव्या रंगाचा वासच नसतो. पहिल्या वेळेसाठी पाण्यात मिसळणारा रंग वापरावा आणि सामान निघण्यापूर्वी काही आठवडे उघड्यावर ठेवावे.

वासाचा प्रश्न मालाच्या आपसांतही असतो. सिक्कीमची मोठी वेलची पारंपरिक भट्टीत धुरावर वाळवली जाते, त्यामुळे तिला धुराचा खमंग दर्प असतो. तिचे उघडे भांडे चहाशेजारी ठेवले तर चहाला धूर लागतो. वरील कल्पित कंपनीच्या चार कपाटांत म्हणून चहा एका टोकाला आणि वेलची दुसऱ्या टोकाला असावी, मध्ये पीठ व हळद बंद बरण्यांत असावी.

प्रकाशाचे तसेच आहे. हळदीचा पिवळा रंग ज्या करक्युमिनमुळे असतो, ते उजेडात हळूहळू फिके पडते. घाण्याचे तेल प्रखर प्रकाशात व उष्णतेत खवट होऊ लागते आणि हॅलोजन दिव्याखाली गुळाला पाझर फुटतो. एलईडी दिवे वीज तर वाचवतातच, पण अन्नावर फारशी उष्णता टाकत नाहीत, हे त्यांचे येथे अधिक मोठे कार्य होय. दिवा फलकावर रोखावा, मालावर नको. मांडणीतील पाकिटे मोजकी ठेवून विक्रीचा व नमुन्यांचा माल पडद्यामागे अंधारात ठेवावा.

चव देण्याच्या व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगायचे तर प्लास्टिकचे चमचे, पेले व बशा २०२२ च्या त्याच बंदीत येतात. पानांचे द्रोण, स्टीलचे चमचे आणि धुण्यासाठी बादलीभर पाणी एवढे पुरेसे असते.

काय लिहावे, काय लिहू नये

फलकांची विभागणी आरंभीच दोन गटांत करावी. कंपनीचे नाव, बोधचिन्ह, प्रदेशाचे चित्र हे वर्षानुवर्षे बदलत नाहीत. ते मोठ्या कापडावर छापावेत. उत्पादनांची यादी, दर, प्रमाणपत्राचा क्रमांक व मुदत हे बदलतात. ते लहान, काढता-घालता येणाऱ्या कागदी पट्ट्यांवर असावेत. सेंद्रिय प्रमाणपत्राचे नूतनीकरण होत असते, त्यामुळे तीन मीटरच्या कापडावर त्याची तारीख छापणे म्हणजे ते कापड एका वर्षात बाद करणे होय. ही चूक फार वारंवार होते.

दालन पुनर्वापरयोग्य केल्यावर ते तसे असल्याची जाहिरात करण्याची इच्छा होते. येथे संयम हवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. 'हरित', 'पर्यावरणस्नेही', 'शाश्वत' असे मोघम शब्द आधार दिल्याविना वापरू नयेत, असा त्यांचा आशय आहे. 'हे दालन पाचव्यांदा उभारले आहे' असे एक खरे वाक्य लिहिणे हे अशा विशेषणांपेक्षा सुरक्षित आहे, आणि खरेदीदाराला संभाषणासाठी निमित्तही देते.

परदेशी प्रदर्शन

न्युर्नबर्गला दालन नेताना सामान्य समजुतीला छेद देणारा निर्णय घ्यावा लागतो. विमानाने माल पाठवताना आकारमानाचेही वजन धरले जाते. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून येणाऱ्या संख्येला ६००० ने भागण्याची रीत प्रचलित आहे. १२० बाय ८० बाय ६० सेंटिमीटरची पेटी प्रत्यक्षात चाळीस किलोची असली तरी आकारणी ९६ किलोची होते. इतक्या दूर स्वतःची कपाटे वाहून नेणे हे पैशाच्या आणि इंधनाच्याही दृष्टीने शहाणपणाचे नाही. सांगाडा तेथे भाड्याने घ्यावा किंवा अपेडाच्या भारतीय दालनसमूहात सहभागी व्हावे. सोबत फक्त कापडी फलक, लहान मांडणीची भांडी आणि नमुने न्यावेत.

तरीही सामान न्यायचेच झाले, तर 'एटीए कार्नेट' या सीमाशुल्क दस्तऐवजाची माहिती असणे आवश्यक आहे. प्रदर्शनासाठी तात्पुरता नेलेला आणि परत आणायचा माल त्याआधारे शुल्क न भरता नेता येतो. भारतात तो फिक्कीमार्फत दिला जातो, त्यासाठी हमी द्यावी लागते आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. वाटून टाकायचे वा चाखायला द्यायचे पदार्थ परत येत नसल्यामुळे ते त्यात मोडत नाहीत. त्यांची कागदपत्रे वेगळी करावीत. घन लाकडाच्या पेट्यांना 'आयएसपीएम १५' या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रक्रिया व शिक्का लागतो. लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे तापवणे ही त्यातील सर्वांत परिचित पद्धत. प्लायवूडच्या पेट्यांना ही अट नाही, म्हणून पेट्या मुळातच प्लायवूडच्या करणे हिताचे.

हिशेब

आता खर्चाकडे वळणे प्राप्त आहे. पुढील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. समजा, एकदाच वापरून टाकायच्या सजावटीस प्रत्येक प्रदर्शनाला ६०,००० रुपये लागतात. पुनर्वापराचा संच घडवण्यास एकदाच १,८०,००० रुपये आणि नंतर प्रत्येक वेळी वाहतुकीस १४,००० व दुरुस्ती-छपाईस ६,००० रुपये लागतात. प्रत्येक प्रदर्शनामागे ४०,००० रुपयांची बचत होते, म्हणजे पाचव्या प्रदर्शनात खर्च भरून निघतो. बहुतेक प्रस्तावांत हिशेब येथेच संपवलेला असतो. परंतु उरलेले दिवस संच ठेवायचा कोठे? कोरड्या जागेचे भाडे महिना १,००० रुपये धरले आणि वर्षाला दोन प्रदर्शने असली, तर प्रत्येक प्रदर्शनावर ६,००० रुपये वाढतात. बचत ३४,००० वर येते आणि भरपाई सहाव्या प्रदर्शनात, म्हणजे तिसऱ्या वर्षाअखेर होते. वर्षाला एकच प्रदर्शन असेल तर बचत २८,००० उरते आणि सातवे वर्ष उजाडते. तोपर्यंत कंपनीचे बोधचिन्हही बदललेले असू शकते. अशा उद्योगाने संच घडवू नये, भाड्याने घ्यावा. वर्षाला दोन वा अधिक प्रदर्शनांचे निश्चित नियोजन हीच या गुंतवणुकीची खरी पूर्वअट आहे.

शेजारच्या तीन उत्पादक कंपन्यांनी मिळून एकच संच केला, तर चित्र पालटते. प्रत्येकीची दोन प्रदर्शने धरली तर संच वर्षात सहा वेळा वापरला जातो, भाड्याचा भार प्रदर्शनामागे २,००० रुपयांवर येतो आणि पाचव्या वापरात, म्हणजे पहिल्याच वर्षी पैसे वसूल होतात. सांगाडा सामाईक आणि कापडी फलक ज्याचे त्याचे, अशी वाटणी करता येते. अडचण येते ती तारखांची, कारण मोठ्या प्रदर्शनाला तिघींनाही एकाच वेळी जायचे असते. त्या वेळी लगतचे गाळे घेऊन संच विभागून मांडावा.

कर्जाच्या दृष्टीने पाहता, चार-पाच वर्षे उपयोगी पडणारा संच कॅश क्रेडिट खात्यातून उभा करणे योग्य नव्हे. त्यामुळे हंगामात माल खरेदीसाठी लागणारे खेळते भांडवल अडकून पडते. लहान रकमेचे मुदत कर्ज हा त्याला साजेसा मार्ग होय. संच मालमत्तेच्या नोंदवहीत घेऊन त्यावर घसारा कसा आकारावा, हे लेखापालाकडून ठरवून घ्यावे. प्रदर्शन सहभागासाठी शासकीय साहाय्याच्या योजना आहेत, परंतु साहाय्याची रक्कम बहुधा पावत्या सादर केल्यानंतर मिळते, त्यामुळे तिच्यावर विसंबून आगाऊ खर्चाची तरतूद टाळता येत नाही. शाखेत असा प्रस्ताव आल्यावर अधिकाऱ्याने दरपत्रकाबरोबर दोन गोष्टी मागाव्यात: पुढील दोन वर्षांतील प्रदर्शनांची यादी आणि संच ठेवण्याच्या जागेचा पत्ता.

सामाईक संचाच्या बाबतीत लेखी करार करावा. वाहतुकीचा विमा कोणी उतरवायचा, हरवलेल्या भागाची किंमत कोणी द्यायची आणि परतल्यावर यादीप्रमाणे मोजून घेण्याची जबाबदारी कोणाची, एवढे तरी त्यात स्पष्ट असावे. पेट्या परतल्यापासून आठ दिवसांच्या आत त्या उघडून कापड वाळवणे, बोल्ट मोजणे आणि मोडके भाग दुरुस्तीस पाठवणे हे काम एका नेमलेल्या व्यक्तीकडे द्यावे. ओलसर कापडाला बंद पेटीत बुरशी लागायला पावसाळ्यात फार दिवस लागत नाहीत.